चेताविकृतिशास्त्र

चेताविकृतिशास्त्र ही विकृतिशास्त्राची उपशाखा आहे. मेंदू, मज्जारज्जू, परिघीय चेता आणि स्नायू यांच्या आजारांमुळे ऊतींमध्ये होणाऱ्या बदलांचा अभ्यास या शाखेत केला जातो. या शाखेत प्रावीण्य मिळवलेल्या डॉक्टरास चेताविकृतितज्ज्ञ म्हणतात. रुग्णालयांमध्ये मात्र ‘न्यूरोपॅथॉलॉजी’ आणि ‘न्यूरोपॅथॉलॉजिस्ट’ हीच नावे रूढ आहेत. मेंदूच्या गाठीचा प्रकार ठरवणे, संसर्गाचे कारण शोधणे, चेता व स्नायूंच्या आजारांचे निदान करणे आणि मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून आजाराचे अंतिम स्वरूप निश्चित करणे ही या तज्ज्ञाची प्रमुख कामे होत.

मेंदूविकारतज्ज्ञ रुग्णाला तपासतो व औषधे देतो आणि मेंदूशल्यचिकित्सक शस्त्रक्रिया करतो. चेताविकृतितज्ज्ञाची व रुग्णाची भेट क्वचितच होते. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो ऊतीचा लहानसा तुकडा. त्या तुकड्यावरून त्याने दिलेल्या अहवालावर पुढचे उपचार ठरतात. कोणाला क्षयरोगाची औषधे द्यायची, कोणाला किरणोपचार द्यायचे आणि कोणाला शस्त्रक्रियेनंतर केवळ निरीक्षणाखाली ठेवायचे, हे अनेकदा त्या अहवालातील निदानावर अवलंबून असते.

व्याप्ती

चेताविकृतिशास्त्रात पुढील प्रकारच्या आजारांचा अभ्यास होतो :

१) मेंदू, मज्जारज्जू व त्यांच्या आवरणांच्या गाठी.
२) जिवाणू, विषाणू, बुरशी व परजीवी यांचे संसर्ग.
३) अल्झायमरचा आजार, कंपवात यांसारखे ऱ्हासकारी आजार.
४) पक्षाघात, रक्तस्राव व रक्तवाहिन्यांचे इतर विकार.
५) डोक्याला व मज्जारज्जूला झालेल्या इजा.
६) चेतातंतूंवरील मायलिन आवरण नष्ट करणारे आजार.
७) जन्मजात दोष व चयापचयाचे आनुवंशिक विकार.
८) परिघीय चेता व स्नायूंचे आजार.

अपस्मारासाठी शस्त्रक्रिया करून काढलेला मेंदूचा भागही याच तज्ज्ञाकडे तपासणीसाठी पाठवला जातो.

इतिहास

आजाराचे मूळ पेशींमधील बदलांत असते, हा विचार जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशो यांनी १८५८ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांतून मांडला. चेतापेशींना आधार देणाऱ्या ऊतीला ‘न्यूरोग्लिया’ हे नावही त्यांनीच दिले. मेंदूची ऊती मऊ व फिकट असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली तिची रचना उलगडत नसे. इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांचा वापर करणारी अभिरंजनपद्धती शोधली आणि त्यामुळे एकेक चेतापेशी तिच्या शाखांसह दिसू लागली. त्याच पद्धतीचा वापर करून स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनी चेतापेशी स्वतंत्र घटक असल्याचे दाखवून दिले. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी जर्मनीतील ट्युबिंगेन येथील परिषदेत अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूविषयीची निरीक्षणे सादर केली. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ साली दाखल झालेल्या या स्त्रीची स्मृती झपाट्याने नष्ट झाली होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूच्या कापांत अल्झायमर यांना पेशींबाहेरील साचे आणि पेशींमधील तंतूंचे गुंते आढळले. एमिल क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९०३ मध्ये अडेल्की नेग्री यांनी रेबीज झालेल्या प्राण्यांच्या चेतापेशींतील विशिष्ट पिंडांचे वर्णन केले, तर १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील पिंडांचे वर्णन केले. हे पिंड आजही त्यांच्याच नावांनी ओळखले जातात.

मनोविकार व मेंदूचा आजार यांतील सीमारेषाही या शास्त्राने बदलली. एकोणिसाव्या शतकात मनोरुग्णालयांत ‘वेड्यांचा सर्वांगवात’ या नावाचा आजार सर्रास आढळे. हिदेयो नोगुची व जोसेफ मूर यांनी १९१३ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जिवाणू दाखवले. ज्याला बुद्धिभ्रंश म्हणून कोंडून ठेवले जाई तो प्रत्यक्षात संसर्ग आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

मेंदूच्या गाठींचे पेशींवर आधारलेले पहिले महत्त्वाचे वर्गीकरण पर्सिव्हल बेली व हार्वी कुशिंग यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण १९७९ पासून प्रसिद्ध होत आहे. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत गाठीच्या नावात जनुकीय बदलांचाही समावेश झाला आणि २०२१ च्या आवृत्तीत हा भर अधिक वाढला.

कामाचे स्वरूप

शस्त्रक्रिया चालू असताना

मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना काढलेला ऊतीचा तुकडा लगेच प्रयोगशाळेत पाठवला जातो. रुग्ण त्या वेळी भूल दिलेल्या अवस्थेत असतो व शल्यचिकित्सक उत्तराची वाट पाहत असतो. ऊती सुमारे उणे २० अंश सेल्सियसला गोठवून तिचे पातळ काप घेणे ही एक पद्धत आहे. दुसऱ्या पद्धतीत ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून पसरवला जातो. मेंदूची ऊती मऊ असल्याने ही पद्धत तिच्यासाठी विशेष उपयुक्त ठरते. साधारण पंधरा ते तीस मिनिटांत प्राथमिक उत्तर द्यावे लागते.

या टप्प्यावर संपूर्ण निदान अपेक्षित नसते. आलेला तुकडा आजारी भागातीलच आहे का, ती गाठ आहे की संसर्ग, आणि जीवाणूंच्या चाचणीसाठी वेगळी ऊती राखून ठेवावी का, या प्रश्नांची उत्तरे तातडीने हवी असतात. लिंफोमासारखी गाठ असल्यास ती मोठ्या प्रमाणावर काढण्याचा सहसा उपयोग नसतो, कारण तिच्यावर मुख्यतः औषधोपचार केले जातात. अशा वेळी वेळेवर मिळालेल्या उत्तरामुळे निरोगी मेंदूला होणारी इजा टळते.

अंतिम अहवाल

उरलेली ऊती फॉर्मलिनमध्ये स्थिर करून मेणात बसवतात आणि तिचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. हिमॅटॉक्सिलिन व इओसिन हे नेहमीचे अभिरंजन प्रथम केले जाते. त्यानंतर गरजेनुसार मायलिनसाठी, क्षयाच्या जिवाणूंसाठी किंवा बुरशीसाठी वेगळी रंगद्रव्ये वापरली जातात. विशिष्ट प्रथिने ओळखण्यासाठी प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या करतात.

प्रौढांमधील ग्लायोमा या गाठींच्या बाबतीत आयडीएच जनुकातील बदल महत्त्वाचा मानला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी हा बदल असलेल्या गाठीच्या रुग्णाचे आयुर्मान सामान्यतः अधिक असते. १पी व १९क्यू या गुणसूत्रभागांचा एकत्रित लोप आढळल्यास ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमाचे निदान निश्चित होण्यास मदत होते. ग्लायोब्लास्टोमामध्ये एमजीएमटी जनुकाच्या स्थितीवरून टेमोझोलोमाइड या औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादाचा अंदाज बांधता येतो. पेशींचे रूप, गाठीची श्रेणी व जनुकीय माहिती एकत्र करून दिलेल्या निदानास एकात्मिक निदान म्हणतात.

चेता व स्नायूंची तपासणी

स्नायूंच्या आजारांत मांडी किंवा दंडातील स्नायूचा लहान तुकडा तपासतात. तो फॉर्मलिनमध्ये टाकल्यास विकरांच्या चाचण्या करता येत नाहीत, म्हणून ताजी ऊती अतिशीत द्रवात झटकन गोठवावी लागते. दुशेन स्नायुविकारात डिस्ट्रोफिन हे प्रथिन स्नायूत आढळत नाही. या आजाराच्या निदानासाठी आता प्रथम जनुकीय चाचणी केली जाते, तिच्यातून उलगडा झाला नाही तर स्नायूची तपासणी करतात. परिघीय चेतांच्या आजारांत बहुधा घोट्याजवळील सूरल चेतेचा तुकडा घेतला जातो. तेथील संवेदना त्यानंतर काही प्रमाणात कायमची कमी होते, त्यामुळे ही तपासणी निवडक रुग्णांतच करतात.

शवविच्छेदन

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १,२०० ते १,४०० ग्रॅम असते. ताजा मेंदू इतका मऊ असतो की त्याचे नीट काप घेता येत नाहीत. म्हणून तो दोन ते तीन आठवडे फॉर्मलिनमध्ये टांगून ठेवला जातो. घट्ट झाल्यावर त्याचे सुमारे एक सेंटीमीटर जाडीचे काप घेऊन ते क्रमाने मांडतात आणि निवडक भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या आजारास कारणीभूत असलेले प्रायॉन फॉर्मलिनने किंवा नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने नष्ट होत नाहीत. अशा संशयित रुग्णांच्या ऊती हाताळताना वेगळी खबरदारी घ्यावी लागते.

डोळ्यांना निरोगी दिसणारा मेंदूही आजारी असू शकतो. अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू माइक वेब्स्टर यांचे २००२ मध्ये निधन झाले. पिट्सबर्ग येथील चेताविकृतितज्ज्ञ बेनेट ओमालू यांनी त्यांचा मेंदू तपासला. बाहेरून तो सामान्य दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र टाऊ या प्रथिनाचे असाधारण साचे आढळले. २००५ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि डोक्याला वारंवार बसणाऱ्या मारामुळे होणाऱ्या दीर्घकालीन हानीचा प्रश्न अमेरिकेतील क्रीडाक्षेत्रात ऐरणीवर आला.

भारतातील विशिष्ट आजार

भारतातील चेताविकृतिशास्त्राची जडणघडण येथील संसर्गजन्य आजारांच्या अभ्यासातून झाली आहे.

क्षयरोग : क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहात मेंदूच्या तळाशी घट्ट स्राव साचतो. त्यामुळे मेंदूतील द्रवाचा मार्ग अडून जलशीर्ष होऊ शकते, तर रक्तवाहिन्यांना सूज आल्याने मेंदूचा काही भाग मृत होतो. मेंदूच्या आत क्षयाची गाठही तयार होते. तिला ट्युबर्क्युलोमा म्हणतात. स्कॅनमध्ये ती कर्करोगाच्या गाठीसारखी दिसू शकते. काही महिन्यांच्या औषधांनी बरा होऊ शकणारा आजार आणि मोठी शस्त्रक्रिया व किरणोपचार लागणारा आजार यांतील फरक अशा वेळी ऊतीच्या तपासणीनेच स्पष्ट होतो.

सिस्टिसर्कोसिस : डुकरांत आढळणाऱ्या फीतकृमीची अंडी दूषित पाणी किंवा न धुतलेल्या कच्च्या भाज्यांवाटे पोटात गेल्यास त्याच्या अळ्या मेंदूत वाढू शकतात. त्यामुळे शाकाहारी व्यक्तींनाही हा आजार होतो. अपस्मार हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. सीटी स्कॅनचा वापर सुरू झाल्यावर भारतातील अनेक अपस्मारग्रस्तांच्या मेंदूत लहान कड्यासारखी एकच खूण दिसू लागली. ती क्षयाची समजून रुग्णांना क्षयरोगाची औषधे दिली जात असत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खुणांची ऊती काढून तपासली. १९८९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार त्यांतील बहुतेकांचे कारण सिस्टिसर्कोसिस हे होते. या निष्कर्षामुळे असंख्य रुग्णांची क्षयरोगाच्या अनावश्यक उपचारांतून सुटका होण्याचा मार्ग खुला झाला.

कुष्ठरोग : कुष्ठरोगाचे जिवाणू परिघीय चेतांमधील श्वान पेशींत वाढतात. हातापायांना येणारी बधिरता व विकृती हा मुख्यतः चेतांच्या हानीचा परिणाम असतो. त्वचेवर चट्टे नसून केवळ चेता बाधित असतील तर निदानासाठी चेतेचा तुकडा तपासावा लागू शकतो.

रेबीज : मेंदूतील हिपोकँपस या भागातील चेतापेशींत व लहान मेंदूतील पुर्किन्ये पेशींत नेग्री पिंड आढळतात. ते प्रत्येक रुग्णात दिसतीलच असे नाही, म्हणून विषाणूचे प्रतिजन शोधणारी प्रतिदीप्ती चाचणी अधिक विश्वासार्ह मानली जाते.

बुरशीचे संसर्ग : कोविड-१९ च्या २०२१ मधील लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. नाक व डोळ्यांच्या खोबणीतून ही बुरशी मेंदूपर्यंत पोहोचते व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते. ऊतीच्या कापात तिचे रुंद, क्वचितच पडदे असलेले व जवळपास काटकोनात फुटणारे तंतू दिसतात. अॅस्परजिलसचे तंतू अरुंद असून लघुकोनात फुटतात. दोन्हींवरील औषधे वेगळी असल्याने हा भेद ओळखणे निकडीचे असते.

महाराष्ट्रातील वाटचाल

मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेज व सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व केईएम रुग्णालय १९२६ मध्ये आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. या संस्थांच्या विकृतिशास्त्र विभागांतून राज्यातील चेताविकृतिशास्त्राची पायाभरणी झाली.

वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे टाटा स्मारक रुग्णालयाचे पहिले विकृतिशास्त्रज्ञ होते. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. कर्करोगावरील संशोधनाबरोबरच त्यांनी कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील ऊतींचा सखोल अभ्यास केला आणि जिवाणूंचे चेतांमधील वास्तव्य व प्रसार यांवर प्रकाश टाकला. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते.

चेताविकृतिशास्त्राला मुंबईत स्वतंत्र शाखेचे स्वरूप देण्यात दराब दस्तूर यांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सीमोर केटी व इतरांसमवेत त्यांनी वृद्धत्व व मेंदूतील रक्तप्रवाह यांवर काम केले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निरोगी वृद्धांच्या मेंदूतील रक्तप्रवाह तरुणांच्या तुलनेत फारसा घटलेला आढळला नाही. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयाच्या चेताविकृतिशास्त्र विभागात त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. पुढे बॉम्बे हॉस्पिटलच्या वैद्यकीय संशोधन केंद्रातही ते कार्यरत होते.

दस्तूर व बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदाणी यांनी १९६६ मध्ये मुलांतील क्षयजन्य मेंदूविकाराविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. काही बालकांची स्थिती केवळ मस्तिष्कावरणाच्या दाहाने स्पष्ट होत नव्हती. त्यांच्या मेंदूतील श्वेतद्रव्यात तीव्र सूज व मायलिनची हानी आढळली. क्षयाच्या प्रथिनाला शरीराने दिलेली अतिसंवेदनशील प्रतिक्रिया यामागे असावी, असे त्यांनी मांडले. शवविच्छेदनातील मेंदू व रुग्णशय्येवरील लक्षणे यांची सांगड घालणारे हे काम भारतातील चेताविकृतिशास्त्रात महत्त्वाचे मानले जाते.

जे. जे. रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांच्यासमवेत दस्तूर यांनी विल्सनच्या आजाराचा अभ्यास केला व १९६८ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध झाले. या आनुवंशिक आजारात यकृतात व मेंदूत तांबे साचते. वेळेवर निदान झाल्यास औषधांनी त्यावर नियंत्रण ठेवता येते. वाडिया यांनी सहकारी आर. के. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये डोळ्यांच्या मंद हालचाली असलेल्या आनुवंशिक तोल-विकाराचेही वर्णन केले. त्याच सुमारास मुंबईत आलेल्या डोळ्यांच्या साथीनंतर काही रुग्णांना लुळेपणा आल्याची नोंदही त्यांनी केली.

पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे रूपांतर पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाले. मेंदूज्वराच्या कारणांचा शोध घेण्यात या संस्थेचा मोठा सहभाग आहे. नागपूरजवळील चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांमध्ये १९६५ मध्ये आढळलेला चांदीपुरा विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनीच वेगळा केला. हाच विषाणू पुढे लहान मुलांमधील मेंदूज्वराशी जोडला गेला.

ठाणे व घोडबंदर रोड परिसर

ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ते ओळखले जात असे. मेंदूच्या आजारांवरील आधुनिक शस्त्रक्रिया व प्रयोगशाळा मात्र दीर्घकाळ मुंबईतच एकवटलेल्या होत्या. कळवा येथील ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्याला संलग्न राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे सार्वजनिक वैद्यकीय शिक्षणाची सोय ठाण्यात झाली.

माजिवड्यापासून मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली, ओवळे व गायमुखमार्गे घोडबंदरकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडलगत पूर्वी कारखाने व गावठाणे होती. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे मोठी गृहसंकुले व त्यांच्यामागोमाग खासगी रुग्णालये उभी राहिली. ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील रुग्णांना मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दरवेळी परळ किंवा भायखळा गाठावे लागत नाही.

अशा विस्तारलेल्या शहरी पट्ट्यात चेताविकृतिशास्त्राची सेवा अंतर व वेळ या दोन गोष्टींवर अवलंबून राहते. फॉर्मलिनमधील ऊती दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवता येते व एका दिवसाच्या विलंबाने तिचे नुकसान होत नाही. स्नायूचा ताजा तुकडा मात्र ओलसर गॉझमध्ये, थंड डब्यात ठेवून काही तासांत पोहोचवावा लागतो. शस्त्रक्रियेदरम्यानचे निदान तर रुग्णालयाच्या आवारातच व्हावे लागते. वाहतूक कोंडीसाठी परिचित असलेल्या घोडबंदर रोडसारख्या मार्गावरून ऊती पाठवून अर्ध्या तासात उत्तर मिळण्याची खात्री देता येत नाही. अशा वेळी रुग्णालयातील सामान्य विकृतितज्ज्ञ प्राथमिक उत्तर देतो आणि अंतिम अहवालासाठी चेताविकृतितज्ज्ञाचे मत घेतले जाते. काचपट्टीची उच्च दर्जाची अंकीय प्रतिमा पाठवून दूरस्थ मत घेण्याची पद्धतही रूढ होत आहे.

रुग्णाच्या नातेवाइकांकडे मेणात बसवलेली ऊती, काचपट्ट्या व मूळ अहवाल उपलब्ध असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे सोपे जाते. मेणातील ऊती वर्षानुवर्षे टिकते. पूर्वी उपलब्ध नसलेल्या जनुकीय चाचण्या तिच्यावर नंतरही करता येतात.

शिक्षण

भारतात चेताविकृतितज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएसनंतर विकृतिशास्त्रात तीन वर्षांची एमडी पदवी घ्यावी लागते. त्यानंतर बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था अर्थात निम्हान्ससारख्या मोजक्या संस्थांत या विषयाचे विशेष प्रशिक्षण मिळते. अनेक रुग्णालयांत सामान्य विकृतिशास्त्रातील डॉक्टर अनुभवाने या विषयात प्रावीण्य मिळवतात. प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची स्वाक्षरी असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले.

ऊती तयार करण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात. काप जाड झाला, ऊती फॉर्मलिनमध्ये उशिरा पडली किंवा अभिरंजन फिके झाले तर तज्ज्ञाचेही निदान चुकू शकते. त्यामुळे अहवालाची गुणवत्ता शस्त्रक्रियागृहापासून सूक्ष्मदर्शकापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर अवलंबून असते.

मर्यादा

बायोप्सीत आजाराचा लहानसा भागच हाती येतो. गाठीच्या एका कोपऱ्यातील पेशी सौम्य व दुसऱ्या कोपऱ्यातील आक्रमक असू शकतात, त्यामुळे अपुऱ्या ऊतीवरून श्रेणी कमी ठरण्याचा धोका असतो. म्हणून रुग्णाचे वय, लक्षणे व एमआरआय यांची माहिती ऊतीबरोबर पाठवणे आवश्यक मानले जाते. मेंदूविकारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, क्ष-किरणतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ व चेताविकृतितज्ज्ञ यांच्या संयुक्त बैठकीत गुंतागुंतीच्या रुग्णांविषयी निर्णय घेतले जातात.

अल्झायमर व कंपवात यांसारख्या आजारांत जिवंतपणी मेंदूची ऊती काढणे सामान्यतः योग्य ठरत नाही. या आजारांचे निदान लक्षणे, प्रतिमा व इतर चाचण्यांवरून केले जाते आणि त्याची ऊतीय पडताळणी मृत्यूनंतरच शक्य होते. अशा तपासणीत एकाच मेंदूत अल्झायमरचे बदल, लेवी पिंड व रक्तवाहिन्यांचे विकार एकत्र आढळणे ही सामान्य बाब आहे.

शवविच्छेदन व मेंदूदान

भारतात दोन प्रकारची शवविच्छेदने होतात. संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूनंतर कायद्यानुसार होणारे न्यायवैद्यकीय शवविच्छेदन हा पहिला प्रकार आहे. अशा मृत्यूच्या चौकशीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. आजाराचा उलगडा करण्यासाठी नातेवाइकांच्या संमतीने होणारे वैद्यकीय शवविच्छेदन हा दुसरा प्रकार होय. जगभरातील रुग्णालयांप्रमाणे भारतातही दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण गेल्या काही दशकांत खूप घटले आहे. आधुनिक प्रतिमातंत्रावरील विश्वास, धार्मिक व भावनिक संकोच, अंत्यविधीची घाई आणि डॉक्टरांकडून न होणारी विचारणा ही त्याची कारणे सांगितली जातात. दस्तूर व उदाणी यांच्यासारखे संशोधन ज्या सामग्रीवर उभे राहिले, तिचा स्रोत त्यामुळे आटत चालला आहे.

या पार्श्वभूमीवर मेंदूदानाला महत्त्व आले आहे. निम्हान्समध्ये १९९५ मध्ये मानवी मेंदू-ऊती संग्रहाची स्थापना झाली. चेताविकृतितज्ज्ञ एस. के. शंकर यांचे या संग्रहाच्या उभारणीत मोलाचे योगदान आहे. नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले मेंदू येथे गोठवून व फॉर्मलिनमध्ये जतन केले जातात व संशोधकांना उपलब्ध करून दिले जातात. संशोधनासाठी आजारी मेंदूंइतकीच तुलनेसाठी निरोगी मेंदूंचीही गरज असते.

मेंदूदान व अवयवदान यांत फरक आहे. अवयवदानात अवयवाचे दुसऱ्या व्यक्तीत प्रत्यारोपण होते, मेंदूचे प्रत्यारोपण मात्र करता येत नाही. मेंदूदानाचा उपयोग केवळ अभ्यासासाठी होतो आणि मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढावा लागतो. मेंदू काढल्यानंतर डोक्याची त्वचा पूर्ववत शिवली जाते, त्यामुळे अंत्यदर्शनात व अंत्यविधीत अडथळा येत नाही. आनुवंशिक आजाराच्या बाबतीत या तपासणीचा लाभ हयात कुटुंबीयांनाही होतो. पालकाच्या मेंदूतील निश्चित निदानावरून मुलांनी कोणती चाचणी करून घ्यावी आणि कोणती भीती मनातून काढून टाकावी, हे ठरवणे शक्य होते.